फ्रान्समधल्या आल्सासला वाईन चाखायला वीकेंड, गाडी घ्यावी का? सल्ला हवाय

स्टुटगार्टकर: आम्ही चार मित्र सप्टेंबरअखेर शुक्रवारी संध्याकाळी निघून रविवारी रात्री परत. बजेट माणशी २०० युरो, सगळं धरून. दोघं पक्के शाकाहारी. स्ट्रासबर्गला राहावं की कोलमारला?

द्राक्षवेल: गाडीच घ्या, वाईन रूट १७० किमीचा आहे, रिकवीर, रिबोविले, कायझर्सबर्ग असं गावोगाव थांबत जायचं. आम्ही रिकवीरला तटबंदीच्या आतच राहिलो, रूम रात्रीला १८० युरो पण बाहेर पडलं की लगेच मळे, पैसे वसूल!!

चिंचवडकर: अहो त्यांचं बजेट तरी वाचा. आणि चौघंही पिणार तर चालवणार कोण? फ्रान्समध्ये रक्तात लिटरला ०.५ ग्रॅमची मर्यादा आहे. भाड्याच्या गाडीचा मला तर वैताग आलाय, आधीपासून असलेल्या ओरखड्याचे पैसे आमच्या डिपॉझिटमधून कापले, भांडून उपयोग झाला नाही. घेतलीतच तर चारही बाजूंचे आणि टपाचेही फोटो काढा.

बुडबुडे: आल्सास कशाला, फसफसणाऱ्या वाईनच्या शांपेन भागात जा. तिथल्या एपर्ने गावात एकाच रस्त्यावर मोठमोठ्या वाईन घराण्यांची तळघरं आहेत.

स्टुटगार्टकर: तेवढ्या लांब नको, इथून स्ट्रासबर्ग टीजीव्हीने (फ्रान्सची वेगवान ट्रेन) दीड तासाच्या आत येतं.

अदिती_के: स्ट्रासबर्गला राहा, तिथून कोलमार ट्रेनने अर्धा तास. रविवारी बरेच छोटे वाईन उत्पादक बंद असतात त्यामुळे चाखणं शनिवारीच उरका, आणि आधी मेल टाका कारण तेव्हा तोडणी चालू असते, सगळं घर मळ्यात असतं. तिथल्या पांढऱ्या वाईन्समध्ये रीझलिंगपासून सुरू करा, मग पिनो ग्री, गेवुर्झट्रामिनर अगदी शेवटी, तिचा गुलाब-लिचीचा वास एकदा नाकात बसला की रीझलिंग पाणचट लागते. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, बिनधास्त वापरा, नाहीतर तिसऱ्या ठिकाणी चव कळणार नाही. शाकाहाऱ्यांनो, तार्त फ्लांबेवर (तिथला पातळ पिझ्झासारखा प्रकार) बेकन असतंच, ऑर्डर देतानाच नको म्हणून सांगा, मशरूमवाली मिळते.

नाशिकवाला: आमची नाशिकची पांढरी वाईन शेनिन ब्लां पण काही कमी नाही हो, इथल्या सुला कंपनीची पहिली वाईन २००० साली आली, एवढ्या वर्षांत कुठवर मजल मारली बघा.

बुडबुडे: विषय फ्रान्सचा आहे.

नाशिकवाला: विषय वाईनचा आहे.

द्राक्षवेल: परत सांगतो, गाडीच. एकाने प्यायची नाही.

स्टुटगार्टकर: सगळ्यांचे आभार. चर्चा करून कोलमारला स्टेशनजवळ अपार्टमेंट बुक केलं, रूट पूर्ण करायचाच नाहीये. शनिवारी सायकली भाड्याने घेऊन फक्त एगिसहाइम, ७ किमीच्या आसपास आहे, गोल गोल गल्ल्यांचं गाव, तिथल्याच दोन वाईन उत्पादकांना मेल टाकलाय. न पिणारा कोण यावर आमच्यात भांडणं नकोत.

चिंचवडकर: सायकलवर पण तीच मर्यादा लागते बरं का, पोलीस दंड करतात.

स्टुटगार्टकर: हो का? मग सायकली कॅन्सल, चालत जाऊ.

द्राक्षवेल: चालत?? गाडी घ्या हो.