मदत हवी आहे: जुना ट्रॅव्हल ट्रेलर डीलरला द्यावा की स्वतः विकावा? (अमेरिका)

ओढगाडीवाली:
नमस्कार मंडळी. इथे कुणी आपला ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) विकला आहे का? गाडी विकण्याचे धागे ढिगाने सापडले, ट्रेलरचा एकही नाही, म्हणून नवा काढतेय.

आमचा २०१९ चा, २६ फुटी, मागे दोन बंक (एकावर एक बिछाने) असलेला. मुलं लहान होती तेव्हा त्याचं सार्थक झालं. आता थोरली कॉलेजात आणि धाकटा म्हणतो, "तुम्ही जा, मी घर सांभाळतो." दोघांसाठी एवढं बिऱ्हाड कशाला ओढायचं, म्हणून १९ फुटी नवा बघून ठेवलाय, ३२,००० डॉलरचा. त्याच डीलरने आमच्या जुन्याचे ११,००० देऊ केलेत. वाहनांचे भाव सांगणाऱ्या जे. डी. पॉवरच्या साइटवर आमच्या मॉडेलचा लो रिटेल (विक्रीचा खालचा भाव) १५,५०० आणि ॲव्हरेज रिटेल (सरासरी भाव) १८,६०० दिसतो. नवरा म्हणतो, देऊन टाक आणि मोकळी हो. माझा जीव मात्र वरच्या साडेचार हजारांत अडकलाय.

अडचणी अशा: कर्जाचे ६,२०० बाकी आहेत, त्यामुळे टायटल (मालकीचा कागद) बँकेकडे. गेल्या वसंतात बंकच्या कोपऱ्यात पिवळट डाग दिसला. छताच्या जोडावर नवा सीलंट लावून घेतला, पण डाग तसाच आहे. आणि अनोळखी माणसाच्या चेकची मला मनापासून धास्ती वाटते. ऑक्टोबर संपत आला, पुढच्या आठवड्यात थंडीत पाणी गोठून पाइप फुटू नयेत म्हणून त्यांत गुलाबी अँटीफ्रीझ भरायचंय. त्याआधी ठरवायला हवं.

हिशेबनीस:
साडेचार हजारांतून आधी सेल्स टॅक्स वजा करा. बऱ्याच राज्यांत ट्रेड-इनची (नव्याच्या बदल्यात डीलरला दिलेल्या जुन्याची) रक्कम वजा करून उरलेल्या किमतीवरच टॅक्स लागतो. कॅलिफोर्नियात ही सवलत नाही, तिथे पूर्ण किमतीवर भरावा लागतो. तुमच्याकडे दर किती?

ओढगाडीवाली:
सहा टक्के. आणि हो, सवलत मिळते, आत्ताच राज्याच्या साइटवर पाहिलं.

हिशेबनीस:
म्हणजे ११,००० वर ६६० वाचले. फरक उरला ३,८४०. तोही तुम्हाला खरोखर लो रिटेल मिळाला तर. ॲव्हरेज रिटेल विसरून जा, तो साफसूफ करून डीलरच्या आवारात उभ्या असलेल्या ट्रेलरचा भाव. घरासमोर उभा असलेला ट्रेलर बहुधा लो रिटेलच्या आसपास जातो, कधी त्याच्याही खाली.

२०२१ च्या भावांची आठवण ज्यांच्या डोक्यात आहे त्यांचीच जास्त निराशा होते. त्या वर्षी कारखान्यांतून सहा लाखांच्या वर आरव्ही (ट्रेलर धरून सगळी फिरती घरं) बाहेर पडल्या, २०२३ मध्ये जेमतेम ३ लाख १३ हजार. त्या लाटेत घेतलेले कितीतरी ट्रेलर आता विकायला निघालेत, त्यांच्याशी तुमची स्पर्धा.

आणि एक. नव्याची किंमत ट्रेड-इनचं नाव न काढता लिहून घेतली होती का? आम्हाला एकाने जुन्याचे १,५०० वाढवून दिले आणि नव्यावरची तेवढीच सूट गुपचूप काढून घेतली. मी खूश होऊन घरी आलो. कागद बायकोने वाचले. असो.

ओला कोपरा:
माझा प्रश्न वेगळा आहे. ११,००० त्यांनी ट्रेलर बघून सांगितले की फोनवर?

ओढगाडीवाली:
फोनवर. फोटो पाठवले होते. डागाचा नव्हता पाठवला. :(

ओला कोपरा:
मग ती ऑफर नाही, आमंत्रण आहे. ट्रेलर आवारात गेला की त्यांचा माणूस ओलावा मोजायचं मीटर घेऊन कोपरे, खिडक्या, स्लाइड-आउटच्या (बाहेर सरकणाऱ्या भागाच्या) कडा तपासणार. डाग कोरडा निघाला तर थोडं कापतील. ओला निघाला तर आत लाकूड कुजलंय असं धरून चालतील, आणि बाहेरच्या फायबरग्लासला फुगा दिसला तर कदाचित घेणारच नाहीत.

हार्डवेअरच्या दुकानात दोन सुयांचं मीटर मिळतं, स्वस्त असतं. आधी एखाद्या नक्की कोरड्या भिंतीवर आकडा बघा, मग कोपऱ्यात. अंगठ्याने दाबून बघा, फरशीवर अनवाणी चाला. मऊ लागलं तर पायाला लगेच कळतं.

डाग लपवू मात्र नका. 'आहे त्या स्थितीत' असं लिहून घेतलं म्हणजे सुटलो, असं नाही. माहीत असलेला दोष दडवला तर तो कागद वाचवत नाही. उलट दुरुस्तीचं बिल आणि तारीख जाहिरातीतच टाका. मी स्वतः असा डागवाला ट्रेलर घेतलाय, कारण मालकाने दारातच सगळं सांगितलं.

चाकावरचं घर:
पैशांबद्दल लिहितो, या वर्षीच खासगीत विकलाय.

कॅशियर्स चेक (बँकेने स्वतः काढून दिलेला चेक) खात्यात जमा दिसला म्हणजे वटला असं नाही. बँकेला नियमाने पैसे लगेच वापरायला द्यावे लागतात, चेक खोटा असल्याचं काही आठवड्यांनी कळतं, आणि मग भरपाई तुमच्याकडून. ठरल्यापेक्षा जास्तीचा चेक पाठवून "उरलेले वाहतूकवाल्याला द्या" म्हणणारा दिसला की फोन ठेवा.

तुमचं टायटल बँकेकडे आहे हे इथे फायद्याचं. बँकेकडून पेऑफ लेटर मागवा, कर्ज फेडायची नेमकी रक्कम आणि मुदत त्यात असते. शाखा जवळ असेल तर व्यवहार तिथेच करा: घेणाऱ्याने कर्जाचे पैसे बँकेला, वरचे तुम्हाला. नसेल तर त्याच्या बँकेत जा आणि चेक तुमच्या डोळ्यांसमोर बनू द्या. टायटल यायला वेळ लागेल हे त्याला पहिल्या फोनवरच सांगा, नाहीतर ऐनवेळी माणूस पळतो. विक्री झाली की डीएमव्हीला (राज्याच्या वाहन नोंदणी खात्याला) त्याच दिवशी कळवा.

बघायला येणाऱ्याला आधी विचारा, ओढणार कशाने? भरलेल्या वजनाचे १० ते १५ टक्के हिचवर (गाडीला ट्रेलर जोडतात त्या जागी) येतात. तुमचा भरून ६,००० पौंड धरला तर ६०० ते ९०० पौंड झाले. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पेलोडचा (गाडी किती भार पेलते त्याचा) स्टिकर असतो, तो वाचायला लावा. माझे निम्मे फोन तिथेच संपले.

टायर मूळचेच आहेत का? टायरच्या बाजूवर छापलेल्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे बघा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत असली तरी इतक्या जुन्या टायरवर घासाघीस होणारच.

ओढगाडीवाली:
सगळ्यांचे आभार. काल मीटर आणलं. बंकचा कोपरा कोरडा निघाला! आनंदाने सगळीकडे टोचत सुटले, तर स्वयंपाकाच्या ओट्यामागच्या खिडकीखाली आकडा चढला. तिथे डागबिग काही नव्हता. नवरा म्हणाला, मीटर आणलंच नसतं तर?

खिडकीचं काम या शनिवारी होतंय. टायर २०२३ मध्ये बदललेत, ते बिल सापडलं. डीलरकडे खिडकी झाल्यावर नेते, नव्याची किंमत वेगळी लिहून मागते आणि त्यांनी प्रत्यक्ष बघून १०,५०० च्या खाली आकडा सांगितला तर ट्रेलर परत आणून मार्चपर्यंत ठेवते. तेव्हा पाणी, गीझर सगळं चालवूनही दाखवता येईल. हिवाळ्यात अँटीफ्रीझ भरलेल्या पाइपांवर कोण विश्वास ठेवणार?

शेवटचं एक: वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (ट्रेलरचं वजन चाकांवर वाटून देणारी जोडणी) ट्रेलरबरोबर द्यायची असते का?

चाकावरचं घर:
द्यायलाच हवी असं नाही. डीलर तिचे वेगळे पैसे सहसा देत नाही. १९ फुटीच्या हिचवर किती वजन येतं ते बघा. तुमच्या हिचचे बार (वजन वाटणारे दांडे) त्या वजनाला चालत असतील तर ठेवून घ्या. नसतील तर खासगी गिऱ्हाइकासाठी राखून ठेवा, घासाघीस अडली की तीच पुढे करा.