'बॉयकॉट' शिकवताना कॅप्टनची गोष्ट सांगायची की वाक्यं करून घ्यायची?

माजघर: नववीतली भाची 'बॉयकॉट'चा अर्थ घोकत बसली होती. म्हटलं, वही मिट, गोष्ट ऐक. 1880, आयर्लंडमधला मेयो परगणा. लॉर्ड अर्नच्या जमिनींचा कारभारी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट. खंडात सूट मागणाऱ्या कुळांना तो हुसकायला निघाला, तर गडी कामावर येईनात, दुकानदार माल देईनात. शेवटी पीक काढायला बाहेरून 50 माणसं आणली, त्यांच्या राखणीला शेकडो शिपाई. खर्च पिकाच्या कितीतरी पट! त्याच वर्षी बिचाऱ्याच्या आडनावाचं क्रियापद झालं. शब्दाचा जन्म कळला की अर्थ पाठ करावा लागत नाही, असं माझं मत.

खडूफळा: गोष्ट झकास, पण पेपरात कॅप्टन येत नाही. मुलं लिहितात 'दे बॉयकॉटेड ऑन द इलेक्शन'. कारण आपण निवडणुकी*वर* बहिष्कार *टाकतो*. इंग्रजी क्रियापदाला थेट कर्म लागतं: 'दे बॉयकॉटेड द इलेक्शन'. हे दहा वाक्यं लिहूनच येतं.

माजघर: मान्य. पण भाचीनं अर्थ लिहिला होता 'गैरहजर राहणे'. तिथं तुमचा 'ऑन' काय करणार?

वेशीबाहेर: दोघंही 'बहिष्कार' फार सहज वापरताय. कॅप्टनला टाकलं ते त्याच्या हाताखालच्यांनी. आपल्याकडे जातपंचायत वाळीत टाकते, नि भरडतं ते एखादं गरीब घर. बाबासाहेबांनी 1927 मध्ये पाक्षिकाला 'बहिष्कृत भारत' नाव दिलं. त्याचं इंग्रजी 'बॉयकॉटेड इंडिया' करून बघा, अर्थाचं पार वाटोळं होतं.

खडूफळा: मग महाराष्ट्राचा 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा? त्याच्या इंग्रजी नावात 'सोशल बॉयकॉट'च आहे. जन्म आयर्लंडात झाला म्हणून शब्द तिथंच थोडा राहतो? लोक वापरतील तो अर्थ.

वेशीबाहेर: 'सोशल' जोडावं लागलं ना पण! नुसत्या 'बॉयकॉट'नं भागलं नाही.

माजघर: भाचीला आत्ता वाक्य करायला सांगितलं. 'आय बॉयकॉटेड माय ट्यूशन टुडे.' कारण विचारलं तर म्हणे, सर रविवारी पण बोलावतात.

खडूफळा: 'ऑन' नाही, आणि निषेधही आहे. पूर्ण मार्क. तिच्या सरांना मात्र कळवू नका.