आठ वर्षांच्या मुलीला 'द ब्लॅक स्टॅलियन' दाखवावा का?

प्रश्न
नमस्कार. माझी मुलगी आठ वर्षांची आहे. दिवाळीच्या सुट्टीत माथेरानला ती पहिल्यांदा घोड्यावर बसली आणि तेव्हापासून तिच्या प्रत्येक वहीची शेवटची पाने घोड्यांच्या चित्रांनी भरलेली असतात. तिला दिग्दर्शक कॅरल बॅलर्ड यांचा १९७९ चा 'द ब्लॅक स्टॅलियन' हा एक मुलगा आणि एका घोड्याच्या मैत्रीचा इंग्रजी चित्रपट दाखवावा असे मनात आहे. मात्र मी तो लहानपणी पाहिला होता आणि त्यातली बुडणारी बोट मला आजही आठवते. त्यातल्या मुलाचे वडील तेव्हाच मरण पावतात. शिवाय मुलीला इंग्रजी संवाद भरभर कळत नाहीत. आत्ता दाखवावा की दोन वर्षे थांबावे?

प्रतिसाद १
भाषेची चिंता करू नये, असे मी खात्रीने सांगेन. बोट बुडाल्यावर तो मुलगा, ॲलेक, आणि बोटीवरचा काळा अरबी घोडा निर्जन बेटावर पोहोचतात, आणि तिथला जवळजवळ अर्ध्या तासाचा भाग संवादाविना उलगडतो. दोरखंडांत अडकलेल्या घोड्याला मुलगा वडिलांनी दिलेल्या चाकूने सोडवतो, तरीही घोडा लगेच त्याचा होत नाही. शिंपल्यावर समुद्रशेवाळ ठेवून मुलगा वाट पाहतो, घोडा जवळ येतो, बिचकतो, मागे सरतो आणि पुन्हा येतो. हे सारे कॅलेब डेशानेल यांच्या कॅमेऱ्याने सार्डिनियाच्या किनाऱ्यावर इतक्या धीराने टिपले आहे की पाहणाऱ्यालाही श्वास रोखून धरावासा वाटतो. मुलगा पहिल्यांदा त्याच्या पाठीवर बसतो तोही पाण्यात. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना हा भाग अजिबात न हलता पाहत होता.

प्रतिसाद २
वरील मताशी मी सहमत आहे, परंतु बोटीचा प्रसंग हलका समजू नये. रात्र, आग, किंचाळ्या आणि पाणी यांचा तो कल्लोळ मोठ्यांनाही अस्वस्थ करतो. ॲलन स्प्लेट यांना या चित्रपटाच्या ध्वनिसंकलनासाठी ऑस्करचा विशेष पुरस्कार मिळाला होता, म्हणून त्या वेळी टीव्हीचा आवाज थोडा कमी ठेवावा. बेटावर झोपलेल्या मुलासमोर नाग येतो तो क्षणही आधी सांगून ठेवावा. वडिलांचे जाणे मात्र लपवू नये. त्याच रात्री त्यांनी मुलाला ब्युसेफेलसची छोटी मूर्ती दिलेली असते आणि सिकंदराने त्या घोड्याला कसे आपलेसे केले ती गोष्ट सांगितलेली असते. पुढे मुलाच्या मनात घोडा आणि वडील एकमेकांत मिसळून जातात. ही गुंफण कळली नाही, तर उरते फक्त शर्यतीची गोष्ट.

प्रतिसाद ३
मी अनेक वर्षे घोड्यांसोबत काम करतो, म्हणून एक वेगळी बाजू मांडतो. मुलाचे काम करणारा केली रीनो कोलोरॅडोतील रँचवर वाढलेला होता आणि त्याला घोडेस्वारी येत होती; बिनखोगीर, बिनलगाम बसलेला तो मुलगा खरा वाटतो तो त्यामुळेच. घोड्याची मुख्य भूमिका कॅस ओले या अरबी घोड्याने केली. त्याच्या अंगावरच्या पांढऱ्या खुणा काळ्या रंगवल्या होत्या आणि काही दृश्यांसाठी दुसरे घोडे वापरले होते. हे मुलीला अवश्य सांगावे. त्याचबरोबर, अनोळखी घोड्याच्या मागून जाऊ नये, मोतद्दाराला विचारल्याशिवाय हात लावू नये, हेही चित्रपट सुरू होण्यापूर्वीच सांगावे, कारण तो पाहिल्यावर प्रत्येक मुलाला वाटते की घोडा आपल्यालाही ओळखेल. अमेरिकेत परतल्यानंतरचा भाग मला तुलनेने साधा वाटतो, परंतु म्हाताऱ्या प्रशिक्षकाच्या भूमिकेतील मिकी रूनी यांच्यासाठी तो शेवटपर्यंत पाहावाच.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. रविवारी दुपारी, उजेडात, तिला शेजारी घेऊन पाहणार आहे. सिकंदराच्या घोड्याची गोष्ट शनिवारी रात्रीच सांगेन, म्हणजे वडिलांनी ती मूर्ती हातात ठेवली की तिला तो घोडा ओळखता येईल.