ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला ग्रीस लावलं तर चालतं का?

मंडळाची_गाडी: नमस्कार, आमच्या मंडळाची छोटी अ‍ॅम्ब्युलन्स मी दोन वर्षं चालवतोय. बी टाईप सिलिंडरवर रेग्युलेटर लवकर बसतच नाही, आटे घट्ट झालेत, काल पेशंट आत धापा टाकतोय आणि मी पाना घेऊन झटतोय असं झालं, हात थरथरायला लागले. गॅरेजवाला म्हणतो ग्रीसचं बोट फिरव. फिरवायच्या आधी म्हटलं इथे विचारावं. शिवाय वॉशरपाशी बारीक सूं सूं येतं, ते मनावर घ्यायचं का?

आयसीयू_सिस्टर: दादा ग्रीस अजिबात नको!! खोबरेलसुद्धा नको. भरलेल्या सिलिंडरात १५० बारच्या आसपास दाब असतो, व्हॉल्व्ह झटकन उघडला की रेग्युलेटरच्या तोंडाशी गॅस एकदम दाबला जाऊन तापतो आणि तिथे तेलाचा अंश असला तर ठिणगीशिवाय पेट घेऊ शकतो. म्हणून व्हॉल्व्ह कायम हळूहळू उघडायचा, आपलं तोंड बाजूला ठेवून. सॅनिटायझर लावलेले हात पण आधी पूर्ण वाळू द्या.

जुना_फिलर: सिस्टर बरोबर बोलल्या. मी रिफिलिंगला बरीच वर्षं काढली. घट्ट बसतंय म्हणजे एकतर आटे मेलेत नाहीतर कचरा अडकलाय. रेग्युलेटर लावायच्या आधी सिलिंडरचं तोंड माणसांपासून लांब करून व्हॉल्व्ह क्षणभर उघडून बंद करा, धूळ उडून जाते, तरी नाही बसलं तर रेग्युलेटर बदला. आणि सूं सूं येत असेल तर पान्याने आवळत बसू नका, व्हॉल्व्ह बंद करा आणि वॉशर नवा टाका, ऑक्सिजनसाठीचाच. ऑक्सिजन स्वतः जळत नाही हो पण हवेत तो २१ टक्के असतो, बंद गाडीत रात्रभर गळून २५ जरी झाला तरी चादर, गादी, कपडे सगळं भराभर पेटतं. सकाळी डॅशबोर्डवरच्या गणपतीला उदबत्ती लावता का?

मंडळाची_गाडी: रोज लावतो. दारं बंद असतानाच.

जुना_फिलर: आजपासून गाडीबाहेर लावा. आधी दारं उघडून गाडी मोकळी होऊ द्या.

आयसीयू_सिस्टर: अजून एक, कधी गाडीत पेशंटच्या हृदयाला मशीनने शॉक द्यायची वेळ आली तर मास्क नुसता काढून उशीवर ठेवतात, चालू ठेवूनच, तिथेच चुकतं, सगळा ऑक्सिजन चादरीत मुरतो. मास्क छातीपासून निदान १ मीटर लांब धरायचा.

खानदेशी: २०२४ च्या नोव्हेंबरात जळगावला १०८ ची गाडी पेटली होती, आत गरोदर बाई होती. ड्रायव्हरला धूर दिसला, त्याने लगेच गाडी थांबवून सगळ्यांना खाली उतरवलं, मग सिलिंडर फुटला. जीव वाचले ते त्याच्यामुळे. धूर दिसला की आधी माणसं बाहेर, मग जमलं तर व्हॉल्व्ह बंद.

मंडळाची_गाडी: सगळ्यांचे मनापासून आभार. जुना रेग्युलेटर काढून ठेवला, त्याच्या आट्यांवर आधीच कोणीतरी काळं तेल लावलेलं दिसलं. नवा आणि वॉशर उद्या येतोय, तोवर दुसरा सिलिंडर लावलाय.