रोहित पक्ष्यांच्या फोटोला जलरंगाचा इफेक्ट : कुठवर जावं?

सुगरण
जानेवारीत भिगवणजवळच्या कुंभारगावला गेले होते. पहाटे होडीत बसलो तेव्हा उजनीच्या पाण्यावर इतकं धुकं, की नावाड्याच्या बांबूचं टोक दिसत नव्हतं. मग अचानक समोर अठरा-वीस रोहित (फ्लेमिंगो), माना खाली घालून चरत असलेले. मी श्वास रोखून बसले होते.

घरी येऊन पाहिलं तर पाणी राखाडी, आभाळ राखाडी, मधे फिकट पक्षी. कॉन्ट्रास्ट वाढवला की धुकं जातं, आणि धुकं गेलं की ती सकाळच जाते. म्हणून मोबाइलमधला जलरंगाचा फिल्टर लावला. पाणी फार सुरेख झालं, ओल्या कागदावर रंग ओघळावा तसं. पण पक्ष्यांच्या माना आणि चोची विरघळल्या. बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांनी फोटो पाहून एवढंच विचारलं, "चित्रकाराने चोच अशी सोडली असती का?"

पाण्याला इफेक्ट द्यायचा आणि पक्षी शाबूत ठेवायचा, हे कसं जमवायचं? गुलाबी थोडा वाढवला तर चालेल का? आमच्या ग्रुपवर एकाने याला सरळ फसवणूक म्हटलं. ते मनाला लागलं, म्हणून विचारतेय.

हातकागद
फिल्टरला पाणी आणि पीस यांतला फरक कळत नाही, तो सगळीकडे सारखाच फिरतो. संगणकावर लेयरमध्ये करा. मूळ फोटो खाली, त्याची फिल्टर लावलेली प्रत वर. वरच्या प्रतीला मास्क (हवा तेवढा भाग लपवणारा पडदा) लावून मऊ ब्रशने पक्षी खालून उघडे करा. डोळा, चोच आणि मानेची कड पूर्ण उघडी. पाय आणि प्रतिबिंब अर्धवट, म्हणजे पक्षी कापून चिकटवल्यासारखा दिसणार नाही.

पण धुक्याच्या फोटोला मी जलरंगही लावणार नाही. एक्स्पोजर वाढवून राखाडी जवळजवळ पांढऱ्यापर्यंत न्या. फक्त पक्ष्यांच्या पांढऱ्या पाठीवरचे बारकावे जळू देऊ नका. मग हातकागदाचा स्कॅन वर ठेवून ब्लेंड मोड मल्टिप्लाय करा. त्यात पांढऱ्या जागी कागद जसाच्या तसा उमटतो आणि गडद भागात दबतो, त्यामुळे पाणी-आभाळ आपोआप कागद होतं. कागदाच्या थराची ओपॅसिटी (अपारदर्शकता) 30-40 टक्के पुरते. पक्ष्यांवर आलेला पोत मास्कने पुसा. मी पुण्याच्या हातकागद संस्थेतून आणलेला खरबरीत कागद स्कॅन करून ठेवलाय. पाच वर्षं तोच वापरतोय.

पाणथळ
गुलाबीबद्दल माझी कळकळीची विनंती : वाढवू नका. भिगवणला दिसतो तो मुख्यतः मोठा रोहित. तो बसलेला असताना पांढुरकाच असतो. गडद गुलाबी असतो छोटा रोहित. सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) ओढलं की नवखा माणूस एकाला दुसरा समजतो. चोच पाहून ओळख पटते (मोठ्याची गुलाबी, टोकाला काळी, छोट्याची गडद लाल, लांबून काळपटच वाटणारी), पण तुमच्या फिल्टरने नेमकी चोचच खाल्ली आहे. हा रंग त्यांच्या खाण्यातल्या शेवाळ-कोळंबीतून येतो आणि पिल्लांना पुरता चढायला दोन-तीन वर्षं जातात. म्हणजे तो रंग ही माहिती आहे. भिंतीवर लावायला हवं ते करा, पण पक्षी-नोंदीसाठी टाकाल तो मूळ फोटोच असू द्या.

जुना रोलवाला
ज्याने फसवणूक म्हटलं त्याला सांगा, हे खेळ संगणकाच्या आधीपासून चालू आहेत. कॅनडाच्या मायकेल ऑर्टन यांनी 1980च्या दशकात एकाच दृश्याच्या दोन स्लाइड (फिल्मवरचे पारदर्शक फोटो), एक शार्प आणि एक फोकसबाहेरची, दोन्ही मुद्दाम जास्त प्रकाश दिलेल्या, एकमेकींवर ठेवून स्वप्नासारखा परिणाम साधला. चित्र म्हणून दाखवलं तर ते चित्र आहे. खाली "एडिट केलेला" अशी ओळ लिहा म्हणजे झालं.

आणि पुढच्या खेपेला थोडं कॅमेऱ्यातच करून पाहा. थवा उडताना शटर 1/20 सेकंद ठेवून पक्ष्यांबरोबर कॅमेरा फिरवायचा. पंख रंगाचे फटकारे होतात, डोकं जमलं तर शार्प राहतं. माझे पन्नासातले दोन जमतात. मात्र त्यासाठी नावाड्याला थव्यावर होडी घालायला सांगू नका. ते आपणहून उठेपर्यंत थांबायचं.

सुगरण
सगळ्यांचे मनापासून आभार. कालची रात्र यातच गेली. कागदाचा पोत 35 टक्क्यांवर ठेवला, गुलाबी होता तिथे परत आणला, खाली ओळही लिहिली.

एक सांगायचंय. मास्क रंगवताना फोटो 200 टक्क्यांवर मोठा केला होता. डावीकडून चौथ्या पक्ष्यापाशी आले तर त्याची मान राखाडी, चोचही राखाडी. तरुण पक्षी! होडीतून तो मला दिसलाच नव्हता, आणि आधीच्या फोटोत मी त्यालाही इतरांसारखाच गुलाबी करून टाकलं होतं.