घरी कॉफी भाजताना उडणारी फोलपटे गोळा करणारे साधन: रचनेबाबत मदत हवी आहे

नमस्कार.

मी गरम हवेवर चालणाऱ्या पॉपकॉर्न यंत्रात कच्ची कॉफी भाजते. एका वेळी ८० ते १०० ग्रॅम बिया त्यात नीट फिरतात. तळाशी पंखा आणि तापणारी तार आहे. भाजणकक्षाच्या भिंतीतल्या तिरप्या फटींमधून हवा गोल फिरत वर येते, बिया तिच्यावर घुसळत राहतात आणि त्यांच्यावरचा पातळ पापुद्रा सुटला की वरच्या तोंडातून बाहेर उडतो. ही फोलपटे खोलीभर पसरतात, म्हणून ती एका जागी गोळा करणारे साधन मला स्वतः बनवायचे आहे. मात्र ते बसवल्यावर भाजणीत फरक पडता कामा नये, ही माझी मुख्य अट आहे, आणि खरी अडचण त्या अटीतच आहे.

या यंत्राचा पंखा हवा भरपूर देतो, पण समोरून अडथळा आला तर तिला पुढे रेटण्याची ताकद त्याच्यात फारशी नसते. तोंडावर काहीही बसवले की आत दाब वाढतो आणि प्रवाह घटतो. प्रवाह घटला की बिया मंदावतात, आणि तार पूर्वीइतकीच वीज घेऊन आता कमी हवेला तापवत असल्यामुळे त्या हवेचे तापमानही वाढते. मंद फिरणाऱ्या बियांना जास्त तापलेली हवा लागली, की बी बाहेरून डागाळते आणि आतून कच्ची राहते. अडथळा आणखी वाढल्यास यंत्रातले सुरक्षा-थर्मोस्टॅट वीज तोडते आणि भाजणी अर्ध्यावर थांबते. बाजारात मिळणाऱ्या यंत्रांमध्ये फोलपटाचा डबा आणि पंखा एकमेकांचा विचार करूनच बनवलेले असतात. आपण मात्र दुसऱ्याच कामासाठी बनवलेल्या पंख्यावर डबा चढवत असतो, हे मला येथे फार महत्त्वाचे वाटते.

या अडथळ्याचा परिणाम भाजणीच्या प्रत्येक टप्प्यावर सारखा नसतो. कच्च्या बियांमध्ये साधारण १० ते १२ टक्के पाणी असते, त्या जड आणि आटोपशीर असतात, त्यामुळे सुरुवातीची काही मिनिटे त्यांना हलवायला हवेचा सर्वांत जास्त जोर लागतो. त्या वेळी फोलपट जवळजवळ नसतेच. बिया पिवळ्या होऊन तपकिरीकडे वळतात, फुगू लागतात, तेव्हा पापुद्रा सुटायला लागतो, आणि २०० अंश सेल्सिअसच्या आसपास होणाऱ्या फर्स्ट क्रॅकपर्यंत, म्हणजे बिया पहिल्यांदा तडतडतात त्या टप्प्यापर्यंत, त्यातला बहुतेक भाग निघून गेलेला असतो. म्हणजे साधनाचा अडथळा मुळात कमी हवाच, शिवाय फोलपट साठत गेले तरी तो मध्येच वाढता कामा नये. फळासकट वाळवलेल्या कॉफीतून धुतलेल्या कॉफीपेक्षा पुष्कळ जास्त फोलपट निघते, आणि कॅफिन काढलेल्या कॉफीतून फारच थोडे निघते. त्यामुळे एका कॉफीवर नीट चाललेले साधन दुसऱ्या कॉफीवर अडेल, हेही गृहीत धरावे लागते.

मी तीन रचनांचा विचार केला आहे.

पहिली रचना म्हणजे तोंडावर उभी नळी आणि तिच्या टोकाला बारीक जाळीची टोपली. बनवायला ही सर्वांत सोपी आहे. पण फोलपट जाळीवर चिकटून बसते, धुरातला तेलकट अंश त्यावर थंड होऊन साचतो आणि जाळीची मोकळी जागा नेमकी फर्स्ट क्रॅकच्या आधी संपत जाते. जाळी खूप मोठी घेतली तर हे लांबवता येते, टाळता येत नाही, असे माझे मत झाले आहे.

दुसरी रचना म्हणजे मोठा रिकामा डबा. वाऱ्यावर धान्य उफणताना वारा पडला की भूस जागीच खाली बसते, तसेच येथे हवेचा वेग पाडून फोलपट खाली बसवायचे. ७५ मिलिमीटर व्यासाच्या नळीतली हवा ३०० मिलिमीटर व्यासाच्या डब्यात शिरली, तर छेदाचे क्षेत्रफळ सोळा पट होते आणि सरासरी वेग एक षोडशांश उरतो. कागदावर हे उत्तम दिसते. प्रत्यक्षात नळीतून आलेला झोत डब्यात लगेच पसरत नाही. तो सरळ पुढे जातो आणि बाहेर पडण्याचे तोंड समोरच असेल तर फोलपटासकट निघून जातो. म्हणून मध्ये आडवा पत्रा लावून झोत मोडावा लागेल. तो पत्रा कोठे आणि किती अंतरावर असावा, म्हणजे झोतही मोडेल आणि मागे दाबही येणार नाही, हे मला ठरवता येत नाही.

तिसरी रचना सायक्लोनची, म्हणजे हवा गोल फिरवून तिच्यातले कण भिंतीकडे फेकणाऱ्या आणि खाली पाडणाऱ्या उभ्या नळकांड्याची. सायक्लोनच्या मापांसाठी लॅपल यांनी दिलेली प्रमाणे धरून मी आकडेमोड केली. मुख्य नळकांड्याचा व्यास १५० मिलिमीटर धरला, तर प्रवेशाचे तोंड ७५ मिलिमीटर उंच आणि साडेसदतीस मिलिमीटर रुंद येते, म्हणजे त्याचे क्षेत्रफळ ६० मिलिमीटर व्यासाच्या गोल नळीइतके होते. बाहेर जाणारी मधली नळी ७५ मिलिमीटरची, आणि ती झाकणापासून सुमारे ९४ मिलिमीटर आत उतरलेली असावी, म्हणजे आत शिरणारी हवा फेरा न घेता थेट वर निसटत नाही. सरळ भाग ३०० आणि नरसाळ्यासारखा निमुळता भाग ३००, अशी एकूण उंची ६०० मिलिमीटर होते. त्याखाली साठवणीचा डबा वेगळा. या प्रमाणांत खालचे तोंड केवळ साडेसदतीस मिलिमीटरचे आहे. बारीक धुळीला ते पुरते, पण कॉफीचे फोलपट हलके, रुंद आणि एकमेकांत अडकणारे असल्यामुळे ते तेथे कमान धरून तुंबेल, अशी मला रास्त शंका आहे. शिवाय सायक्लोन चालतो तोच मुळी दाब खर्च करून, आणि दाब तर माझ्या पंख्याकडे नाही.

साहित्याबद्दल थोडेसे. हवा बाहेर पडते तेथे तापमान २०० अंशांपलीकडे जाऊ शकते, त्यामुळे पीव्हीसीची नळी किंवा प्लॅस्टिकची बादली यंत्राजवळ बाद ठरते. पीव्हीसी १०० अंशांच्या आतच मऊ पडते. कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाने झाळलेले सांधेही चालणार नाहीत, कारण ते १८३ अंशांना वितळू लागते. म्हणून स्टेनलेस स्टीलचा पत्रा, रिव्हेट आणि फायबरग्लासची दोरी असे साहित्य मी धरले आहे. खाद्यपदार्थांचे जुने डबे वापरायचे झाल्यास त्यांच्या आतला लेप तापल्यावर वास सोडतो, आणि तो वास मला कॉफीजवळ नको आहे.

माझे प्रश्न असे आहेत. एवढ्या कमी ताकदीच्या पंख्यावर सायक्लोन चालू शकतो का, की मोठ्या डब्यावरच समाधान मानावे? बाहेर पडणाऱ्या नळीवर वेगळा ओढपंखा लावला, तर तो भाजणकक्षातली हवा जास्त खेचून भाजणी उलट्या दिशेने बिघडवेल का? आणि साधन बसवल्यावर भाजणी खरोखर बदललेली नाही, याची खात्री घरच्या घरी कशी करावी? ज्यांनी असे काही बनवून नियमित वापरले आहे, त्यांनी कृपया तपशिलाने लिहावे.

प्रतिसाद १

तुमचे निदान बरोबर आहे, आणि उत्तर त्यातच दडलेले आहे. भाजणयंत्राचा पंखा आणि गोळा करणारे साधन यांना एका बंद नळीने जोडूच नका. यंत्राच्या तोंडाच्या वर थोडे मोकळे अंतर सोडून त्या तोंडापेक्षा रुंद, उलट्या नरसाळ्यासारखी टोपी धरा, आणि टोपीपासून पुढची सगळी हवा वेगळ्या ओढपंख्याने खेचा. यंत्राला समोर मोकळी हवाच दिसते, म्हणून मागे दाब येत नाही. आणि ओढपंखा कमीजास्त झाला तरी तो फरक बाजूच्या मोकळ्या जागेतून खोलीतली हवा घेऊन भरून निघतो, भाजणकक्षापर्यंत पोहोचत नाही. काही गॅस गिझरच्या धुराड्याखाली अशीच मोकळी जागा मुद्दाम ठेवलेली असते, कारण धुराड्याचा ओढा बदलला तरी ज्योत बदलू नये.

याचा आणखी एक फायदा होतो. २२० अंशांच्या एका भाग हवेत खोलीतली ३० अंशांची तीन भाग हवा मिसळली, तर मिश्रणाचे तापमान ८० अंशांच्या खाली येते. त्यामुळे पुढचे सांधे, गोंद आणि पंखा यांच्यावरचा ताण बराच कमी होतो. तरीही टोपी आणि पहिली नळी धातूचीच ठेवा, कारण ओढपंखा बंद पडला तर तेथे पूर्ण तापलेली हवा येईल.

ओढपंखा नेहमी साधनाच्या पुढे, म्हणजे स्वच्छ हवेच्या बाजूला लावावा, नाहीतर फोलपट त्याच्या पात्यांवर जाते. संगणकात असतात तसले पसरट पंखे सायक्लोनच्या अडथळ्यापुढे टिकत नाहीत. बंदिस्त कवचातला, बाजूने हवा फेकणारा ब्लोअर घ्या आणि त्याला वेग कमी करण्याची सोय ठेवा. हवा ओढून घेणाऱ्या रचनेत साठवणीचा डबा पूर्ण हवाबंद असावा लागतो. आत बाहेरच्यापेक्षा कमी दाब असतो, त्यामुळे खालच्या सांध्यातून थोडी जरी हवा आत शिरली, तरी ती खाली बसलेले फोलपट उचलून मधल्या नळीतून बाहेर नेते. सायक्लोन काम करत नाही अशी तक्रार येते तेव्हा मी आधी हा सांधा तपासायला सांगतो.

तुमची साडेसदतीस मिलिमीटरच्या तोंडाबद्दलची शंका योग्य आहे. ते ७५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठे करा. खरे तर फोलपटासाठी निमुळता भाग नसला तरी चालतो: उभा धातूचा डबा घेऊन त्याच्या भिंतीला चाटून हवा आत सोडावी, झाकणातून मधली नळी खाली उतरवावी आणि फोलपट त्याच डब्याच्या तळाशी साठू द्यावे. बारीक धूळ यात थोडी निसटते. कापायला आणि साफ करायला मात्र ही रचना फार सोपी आहे.

खात्रीसाठी आधी तार बंद ठेवून, फक्त पंख्यावर कच्च्या बिया फिरवून पाहा. टोपी असताना आणि नसताना त्यांची हालचाल सारखी दिसली पाहिजे. पण एवढ्यावर थांबू नका. २२० अंशांची हवा ३० अंशांच्या हवेपेक्षा बरीच विरळ असते, तिची घनता सुमारे साठ टक्केच उरते, त्यामुळे थंड चाचणी खऱ्या भाजणीशी तंतोतंत जुळत नाही. त्याच कॉफीच्या त्याच वजनाच्या दोन भाजण्या करा आणि बियांमध्ये बुडवलेल्या तापमापकावर ठरावीक तापमान गाठायला लागणारा वेळ लिहून ठेवा. दोन्ही वेळा विजेचा दाबही मोजा. तारेची उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून व्होल्टेज पाच टक्के उतरले तर उष्णता जवळजवळ दहा टक्के उतरते, आणि दोष विनाकारण साधनावर येतो.

प्रतिसाद २

वरील रचना योग्य आहे, परंतु आगीबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून हे लिहीत आहे. फोलपट अत्यंत कोरडे आणि पातळ असते. एक धुमसता कण साठलेल्या ढिगात पडला आणि वरून हवा वाहत राहिली, तर तो ढीग पेटायला वेळ लागत नाही. साठवणीचा डबा धातूचा असावा, प्रत्येक भाजणीनंतर तो थंड करून रिकामा करावा, आणि काढलेले फोलपट लगेच कागदाच्या पिशवीत किंवा कचऱ्याच्या प्लॅस्टिकच्या डब्यात टाकू नये. घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरने ते ताजे असताना ओढू नये. ओढपंख्याचे बटण हाताशी असावे: आत पेटल्याचे दिसले तर प्रथम भाजणयंत्राची वीज तोडावी, ओढपंखा बंद करावा आणि टोपीचे व बाहेरचे तोंड धातूच्या झाकणांनी झाकून हवा तोडावी.

बाहेरची नळी खोलीबाहेर काढणेही आवश्यक आहे. साधन फोलपट धरते, धूर धरत नाही, आणि कॉफी भाजताना कार्बन मोनॉक्साइडही निघतो. तसेच आपले यंत्र भिंतीतल्या फटींमधून हवा सोडणारे आहे हे चांगले आहे. ज्या यंत्रांच्या तळाशी जाळी असते, त्यांत फोलपट खाली तारेवर पडून जळू शकते, म्हणून वाचणाऱ्या इतरांनी तसले यंत्र या कामासाठी निवडू नये.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. मोकळ्या अंतराची कल्पना माझ्या अटीला नेमकी बसते. आता मी निमुळता भाग सोडून उभ्या धातूच्या डब्याची रचना करणार आहे: व्यास २०० मिलिमीटर, बाजूने चाटून शिरणारी ६० मिलिमीटरची नळी, झाकणातून उतरणारी ७५ मिलिमीटरची नळी आणि त्यापुढे वेग बदलता येणारा ब्लोअर. तळाला वेगळा सांधा ठेवणार नाही, म्हणजे खालून हवा शिरण्याचा प्रश्न उरणार नाही. रिकामे करण्यासाठी झाकणच उघडता येईल आणि त्याच्या कडेला फायबरग्लासची दोरी बसवेन. टोपी आणि बाहेरचे तोंड यांच्यासाठी पत्र्याची झाकणे त्याच वेळी कापून ठेवेन.

एक गोष्ट अजून ठरायची आहे. माझ्या यंत्राचे तोंड ९० मिलिमीटर रुंद आहे. टोपी १५० मिलिमीटर व्यासाची घेतली, तर तोंडापासून ती किती उंच धरावी? अंतर फार ठेवले तर बाजूने फोलपट निसटेल आणि फार कमी ठेवले तर ओढपंख्याचा परिणाम पुन्हा आत पोहोचेल. सुरुवात ३० मिलिमीटरपासून करून टोपी वरखाली सरकवता येईल अशी पट्टी लावावी, असा विचार आहे. प्रतिसाद देणाऱ्यांनी स्वतः किती अंतर ठेवले आहे आणि तेवढ्यावर फर्स्ट क्रॅकच्या आधीचे दाट फोलपट पूर्ण ओढले जाते का, हे कळल्यास मी पत्रा कापायला घेईन.