कपॅसिटर सारखा का उडतोय?

प्रश्न (जुळे सोलापूर): दीड टनाचा साधा स्प्लिट एसी, इन्व्हर्टर नाही. दोन उन्हाळ्यांत तिसरा कपॅसिटर (कॉम्प्रेसरच्या मोटरला सुरू व्हायला जोर देणारा डबा). दुपारी कॉम्प्रेसर नुसता हूंऽऽ करतो, मग एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारा स्विच) पडतो. मेकॅनिक कपॅसिटर बदलून जातो, मूळ दोष कसा शोधायचा?

उत्तर १: कपॅसिटर बळी आहे, चोर वेगळाच. व्होल्टेज बोर्डावर नको, आउटडोअरच्या टर्मिनलवर मोजा, तेही कॉम्प्रेसर उचलतानाच, म्हणजे सुरू होताना. एरवी २३० दिसेल. उचलताना १९० वर येऊन तिथंच अडकलं तर जोड सैल किंवा वायर बारीक. तांब्याची २.५ चौरस मिमी हवी, अंतर जास्त असेल तर ४. मेन बंद करून १६ अँपचा प्लग उपसून बघा की! पिन काळी, प्लास्टिक वितळलेलं, म्हणजे सापडलाच.

उत्तर २: क्लॅम्प मीटरही (वायरभोवती अडकवून करंट मोजणारं मीटर) लावा. नेमप्लेटपेक्षा अँप जास्त असतील तर बहुतेक आउटडोअरची कॉइल धुळीनं चोंदलीय. ४२ अंशांत, पत्र्याला चिकटवलेल्या आउटडोअरला श्वास कुठला? नवा कपॅसिटर ४४० व्होल्टचाच घ्या. ३५ मायक्रोफॅरड (कपॅसिटरची क्षमता) लिहिलेला मोजल्यावर ३३ च्या खाली गेला की बाद. हात लावण्याआधी मेन बंद, मग टर्मिनलना बल्ब जोडून साठलेला चार्ज उतरवा.

उत्तर ३: लाइट जाऊन लगेच येते का? स्टॅबिलायझरला ३ मिनिटांचा डिले हवा, नाहीतर कॉम्प्रेसर गॅसच्या दाबाविरुद्ध उचलायला जातो. एमसीबीऐवजी आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की पडणारा स्विच) पडत असेल तर मात्र अर्थ लिकेज, तिथं मेगरच (इन्सुलेशन तपासणारं मीटर) पाहिजे.